डाव्या बाजूचं माप

मांडवी, रत्नागिरी
१६ नोव्हेंबर २०२५

राही,

आशीर्वाद लिहावा की नाही, या विचारात निम्मी सकाळ गेली, म्हणून नुसतं नाव लिहिलंय. फोन तू उचलत नाहीस. मेसेजवर निळ्या खुणा येतात, म्हणजे वाचतेस एवढं कळतं, पण तीन वर्षांत उत्तर नाही. पत्राचं बरं असतं. तू वाचलंस की फाडलंस ते मला कळणार नाही.

काम आहे म्हणून लिहितेय, उगाच गोड बोलत नाही. आईची ट्रंक तू तेराव्यानंतर डोंबिवलीला नेलीस. त्यात तिचा मोरपंखी ब्लाउज असेल, लग्नाकार्याला घालायची तो. मला मापाला हवाय. हो, मी शिवायला लागलेय. हस खुशाल. लहानपणी अलोऱ्याच्या कॉलनीत आईच्या मशीनवर बसायला लागू नये म्हणून पोट दुखायचं सोंग करणारी तीच मी. तू निदान शिकलीस तरी. डावखुरी म्हणून आई तुला चिडवायची, तुझे टाके उलटीकडे झुकतात म्हणायची, पण हातटीप तुझीच पक्की होती.

ऋत्विक पुण्याला शिकायला गेला, तुझे भावोजी दिवसभर कचेरीत, घर खायला उठतं. इथे शाळेमागच्या हॉलमध्ये चंपाताईंचा शिवणवर्ग भरतो. आम्ही नऊ जणी आणि चार मशीन, त्यातलं एक रुसलेलं. चंपाताईंचा नियम एकच आहे. दुसऱ्या कुणाचं शिवायचं नाही. स्वतःचे कपडे, स्वतःच्या मापाचे, स्वतः काढलेल्या खाक्यावरून. खाका म्हणजे खाकी कागदावर आखून कापलेला नमुना, आई जुन्या वर्तमानपत्रावर काढायची तो. त्यावर नाव घालायचं आणि भिंतीवरच्या आपल्या खिळ्याला अडकवायचा.

खाका अर्ध्या अंगाचाच काढतात. कापड दुहेरी करायचं, वर तो अर्धा कागद ठेवायचा आणि कापायचं, की दोन्ही बाजू एकसारख्या निघतात. माझा पहिला ब्लाउज तसाच निघाला. उजवीकडे सुरेख बसला, डावीकडे ताणतो. हुक लावले की काखेकडून तिरकी सुरकुती येते. तीनदा उसवला, तीनदा शिवला. नवीन आहेस, शिलाई वाकडी जात असेल, असं चंपाताई म्हणाल्या. मीही तेच म्हणाले.

म्हणून आईचा ब्लाउज हवाय. छातीतली गाठ वाढत गेली तशी तिची डावी शिलाई सोडून घ्यावी लागली होती. किती सोडली होती आणि कुठून सुरुवात झाली होती, एवढंच बघायचंय. शिवणाच्या दृष्टीने विचारतेय, दुसरं काही नाही.

मी बरी आहे.

रेणुका


मांडवी
७ डिसेंबर २०२५

राही,

ब्लाउज आला नाही. पोस्टाच्या नावाने बोटं मोडून मी मनाची समजूत घालतेय.

वर्गात आता जोड्या लावल्यात, उरलेली नववी चंपाताईंबरोबर. माझी जोडी गंगाशी. ती लांज्याकडची, अंगणवाडीत मदतनीस आहे, नवरा मुंबईला. ती हसायला लागली की पायाखालचं मशीन आपोआप थांबतं. मापं एकमेकींची घ्यायची आणि आकडा मोठ्याने सांगायचा, चंपाताई फळ्यावर लिहून घेतात. लाज पहिल्या आठवड्यातच संपली. कुणाची कंबर किती वाढली हे आता आम्हा नऊ जणींना तोंडपाठ आहे.

माप नेहमी एकाच बाजूचं घेतात. पण माझा ब्लाउज काही केल्या बसेना, म्हणून गंगाने परवा दोन्हीकडचं वेगवेगळं घेतलं. मग टेप तसाच धरून माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "बाय, डावीकडं दोन सूत जास्त भरतंय गो." दोन सूत म्हणजे पाव इंच. फळ्यासाठी मात्र तिने उजवीकडचाच आकडा ओरडून सांगितला.

मी हसले. म्हटलं, सगळ्यांचंच थोडं डावं-उजवं असतं. ते खरंही आहे, चंपाताईसुद्धा म्हणतात. घरी आल्यावर मी हात लावून बघितलं, गाठबीठ काही नाही.

मग मी एक युक्ती केली. अर्धा खाका सोडून दिला आणि पूर्ण काढला, डावी बाजू तिच्या मापाची, उजवी तिच्या मापाची, कागद मधोमध जोडलेला. कोपऱ्यात बारीक अक्षरात तारीख आणि 'डा. २ सूत' लिहून ठेवलं. आता ब्लाउज असा बसलाय की सुरकुती शोधून दाखव.

८ डिसेंबर, सकाळी

पत्र पाकिटात घालून चिकटवलं होतं. परत फोडलं. काल लिहिलेलं एक वाक्य खोटं आहे.

गाठ आहे. काखेकडच्या बाजूला, सुपारीएवढी. दाबली तर दुखत नाही, आणि न दुखणारीच वाईट असं आईच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला तेल लावताना हाताला लागली. म्हणजे तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा मला सगळं माहीत होतं, ब्लाउज मापाला हवा हे निमित्त होतं. आईची गाठ किती दिवसांत किती वाढली ते त्या कापडावरून मोजायचं होतं मला.

गंगाला फक्त दोन सूत माहीत आहेत. गाठ तुला एकटीला माहीत आहे. भावोजींना कळवू नकोस. तू काय कळवणार म्हणा, तू बोलतच नाहीस. खरं सांगायचं तर त्याचसाठी तुला लिहिलं असेन.

मी घाबरलेय राही. भांडी घासताना, भाजी निवडताना, हात आपोआप तिकडे जातो. दर वेळी वाटतं, आज नसेल. दर वेळी असते.

रेणुका


मांडवी
१८ जानेवारी २०२६

राही,

संक्रांतीचं हळदीकुंकू वर्गातच केलं. आपापला शिवलेला ब्लाउज घालून यायचं होतं. माझा सगळ्यात उजवा ठरला. चंपाताईंनी मला मध्ये उभी करून गोल फिरवलं, सगळ्याजणींना म्हणाल्या, बघा, बसणं म्हणतात ते याला. टाळ्या वाजल्या. वाण घेताना दोन तिळाचे लाडू हातातून पडले.

आता पाच सूत आहे. दीड महिन्यात दोनाचे पाच. खाका तिसऱ्यांदा बदलला, कोपऱ्यात आधीच्या तारखांखाली नवी तारीख आणि सूत घातले. जितकी मी चांगली शिवते तितकं ते झाकलं जातं. गंगा दर वेळी माप घेते, माझ्याकडे बघते आणि मी दुसराच विषय काढते. तिच्या गावच्या काजूला मोहोर किती आला हे मी या महिन्यात चार वेळा विचारलं.

हे पत्र लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी. ती तीन वर्षं मी कुणाला सांगितली नाही.

तेराव्याला तू सगळ्यांसमोर विचारलंस, ताई, तुला कधी कळलं? मी म्हटलं, तुझ्याबरोबरच, शेवटच्या महिन्यात. तू म्हणालीस, "तुला माहीत होतं," आणि ट्रंक उचलून पायऱ्या उतरलीस. नंतर मी गावभर तुझ्याच नावाने रडत फिरले, की बघा, धाकटी कशी तोडून गेली.

मला माहीत होतं. आईला मोतीबिंदूमुळे शिलाई दिसेनाशी झाली होती. तो मोरपंखी ब्लाउज तिने माझ्या हातात दिला, म्हणाली, शिंप्याकडून डावी बाजू थोडी सोडून आण. मी तो तीनदा नेला. ती गेली त्याच वर्षी, मार्चमध्ये, मेमध्ये आणि ऑगस्टमध्ये. तिसऱ्यांदा शिंपी म्हणाला, वहिनी, ही अगदी काठावर घातलीय, आत आता माया उरली नाही, पुढे सोडायला कापडच नाही. पहिल्या वेळी मी आईला विचारलं होतं. तिने माझा हात धरून तिच्या छातीवर ठेवला आणि लगेच काढला. "कुणाला बोललीस तर माझं मेलं तोंड बघशील," म्हणाली. "राहीला तर मुळीच नाय."

शपथेला घाबरले असं म्हणून सुटता येईल, पण तेवढंच कारण नव्हतं. मला ते खरं व्हायला नको होतं. शिलाई सोडली की ब्लाउज बसायचा. ब्लाउज बसला की आई चहा करायची, मी रेडिओ लावायची, आणि सगळं ठीक आहे असं वाटायचं. मार्चमध्ये तुला एक फोन केला असता तर? तू दवाखान्यात केसपेपर काढायला बसतेस, तुला कुणाकडे न्यायचं ते ठाऊक होतं. तो फोन मी केला नाही. आपली आई मी वाचवली नाही. तू म्हणालीस ते बरोबर होतं.

आणि आता मी तेच करतेय. फरक इतकाच, की शिंप्याकडे जावं लागत नाही.

रेणुका


मांडवी
१ फेब्रुवारी २०२६

राही,

काल सगळं बाहेर आलं. माझ्या तोंडून आलं असतं तर बरं वाटलं असतं, पण आलं ते कागदातून.

वर्गात सानिका नावाची मुलगी आहे, तेवीसची, आज तिचा साखरपुडा होता. तिचं आणि माझं छातीचं माप एकच, छत्तीस. नियम स्वतःच्या खाक्याचा, पण घाई असली की एका मापाच्या बायका एकमेकींचा खाका खिळ्यावरून सरळ काढून घेतात, चंपाताई कानाडोळा करतात. हिला नवीन खाका काढायला वेळ नव्हता. तिने माझा उचलला, कारण हळदीकुंकवाला सगळ्यांत चांगला बसलेला ब्लाउज माझा. पूर्ण आहे म्हणून कापड एकेरी पसरून तिने सरळ कापलं. साखरपुड्याच्या साडीतलं कापड, दुसरं मिळणार नाही.

काल दुपारी ती घालून बघते तर उजवी बाजू अंगासरशी आणि डावी लोंबतेय. पोरगी रडायला लागली. चंपाताईंनी आधी तिला झापलं, मग शिलाई तपासली, मग टेप घेऊन तिची दोन्ही मापं घेतली. तिची सारखी भरली. मग त्यांनी माझा खाका टेबलावर ठेवला आणि मधल्या रेषेवर दुमडला.

डावी बाजू बाहेर राहिली. पाच सूत. चंपाताईंनी त्या बाहेर आलेल्या पट्टीवरून बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत. मग कोपऱ्यातल्या तारखा वाचल्या. मशीन सगळी थांबली होती.

मी घाईघाईने म्हटलं, चुकलं माझं, खाका काढताना हात हलला.

चंपाताई म्हणाल्या, "खाका चुकला असता तर तुझा ब्लाउज बसला नसता." मग विचारलं, "कधीपासून हाय?"

गंगा उठली आणि ढसाढसा रडायला लागली. "मला डिसेंबरपासून ठाव हाय, ताईनू. मी आकडा चोरला," म्हणाली. तिला कुणी विचारलंही नव्हतं. मला तिच्याकडे बघवेना. तीन वर्षांपूर्वी तेराव्याला जी खोटं बोलत उभी होती ती मीच मला समोर दिसत होते, फक्त या वेळी तिने खरं सांगितलं होतं.

चंपाताईंनी सगळ्यांना चहाला पाठवलं. मला म्हणाल्या, गाठ आहे ना? मी मान हलवली. राही, त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मी भांडले असते, घरी निघून आले असते आणि उद्यापासून वर्ग बंद केला असता. त्यांनी खाका परत खिळ्याला लावला नाही. गुंडाळला, दोरा बांधला आणि माझ्या हातात दिला.

"हा डॉक्टरला दाखव," म्हणाल्या. "तुला बोलायला जमणार नाय. ह्यावर सगळा लिवलेला हाय."

सानिकाचा ब्लाउज आम्ही सगळ्यांनी मिळून डावीकडून आत घेतला. मी स्वतः शिवला. आज साखरपुड्याला तिने तोच घातला होता आणि माझ्या पाया पडायला आली, तेव्हा मला आशीर्वाद सुचेना.

उद्या सोमवार. दवाखान्यात जायचंय. खाका कपाटावर ठेवलाय. तुझ्या भावोजींना वाटतंय शिवणाचं काही असेल. सकाळी त्यांना सांगणार आहे. सांगेन ना मी? तू इथे असतीस तर हाताला धरून ओढत नेलं असतंस. मला ओढायला कुणीतरी हवं आहे.

रेणुका


मांडवी
१० फेब्रुवारी २०२६

राही,

सांगितलं. भावोजी बूट घालत होते. एका पायात बूट आणि एका पायात नुसता मोजा, तसेच पायरीवर बसून राहिले. मग म्हणाले, दिवाळीपासून? मी हो म्हटलं. त्यांनी लगेच कचेरीत फोन करून रजा टाकली. रिक्षात त्यांनी तो खाका मांडीवर धरला होता, लहान मूल धरावं तसा.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. कधीपासून, किती वाढली, असं विचारायला लागल्या आणि चंपाताई म्हणाल्या तसंच झालं. मी दोरा सोडून खाका टेबलावर पसरला. त्यांनी आधी तो कागद, मग मला बघितलं. तारखा आणि सूत लिहून घेतले. सूत म्हणजे किती ते भावोजींनी सांगितलं. सोनोग्राफी झाली, सुईने तुकडा काढला, तो तपासायला गेलाय. साधी गाठही असू शकते, म्हणाल्या. पण वाढतेय, आणि आईला होती, म्हणून त्यांचा चेहरा साधा नव्हता. रिपोर्ट शुक्रवारी आहे. मला भीती वाटते. लपवून ठेवलेली होती तेव्हाही वाटायची, पण तेव्हा ती मला एकटीलाच खायची. आता आम्ही दोघं जेवायला बसतो आणि दोघांचेही घास फिरतात.

तुझं पार्सल काल आलं. आत चिठ्ठी नाही, एक अक्षर नाही. नुसता मोरपंखी ब्लाउज, घडी घातलेला. तुझ्या अक्षरातला पत्ता बघूनच मी रडले, ब्लाउज नंतर उघडला.

खिडकीशी बसून उलटा केला. शिंप्याच्या तिन्ही शिलाया मी ओळखल्या. सुया गेलेल्या भोकांच्या रेघा अजून आहेत, आतून बाहेर एकेक सरकत गेलेल्या. शेवटची अगदी काठावर. सगळ्यात आतली आईची मूळ शिलाई. पण तिच्या आणि शिंप्याच्या पहिल्या शिलाईच्या मध्ये आणखी एक आहे. शिंप्याने ती उसवताना बाहीच्या जोडाशी दोन बोटांएवढी तशीच सोडलीय. मशीनची नाही ती, हातटीप आहे. दोरा निळा. मोरपंखी कापडाला निळा दोरा आई कधी लावणार नाही, घरात दुसरा नसेल तेव्हाच कुणीतरी लावेल. आणि टाके उलटीकडे झुकलेत.

आई त्याच्या आदल्या दिवाळीला तुझ्याकडे होती. माझ्याकडे आली ती नंतर. म्हणजे मार्चच्याही आधी तिने तुझ्या हातात सुई दिली होती. तुलाही तीच शपथ घातली असेल, फक्त माझं नाव घालून.

तेराव्याच्या पायरीवर तू "तुला माहीत होतं" म्हणालीस, ते मला जितकं तितकंच स्वतःला होतं, हे आता समजलं. तू चिठ्ठी का घातली नाहीस तेही समजलं. मी रागावलेली नाही. ते दोन बोटांचे टाके मी बराच वेळ धरून बसले होते. तीन वर्षं तू हे डोंबिवलीत एकटीने सांभाळलंस, आणि मला वाटत होतं तू मला शिक्षा देतेयस.

आता ऐक. आपल्या दोघींचं गुपित आईला घेऊन गेलं, तिसरं कुणाला न्यायला नको. वर्गात परवापासून नवीन नियम झालाय. चंपाताई म्हणतात, अर्धा खाका बंद. सगळ्यांची दोन्ही बाजूंची मापं घ्यायची आणि दोन्ही मोठ्याने सांगायची. गंगा तर इतक्या जोरात ओरडते की रस्त्यावरची माणसं वर बघतात.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तुम्हाला बहीण आहे का? मी म्हटलं, आहे, धाकटी. तिने तपासून घेतलंय का? मी म्हटलं, माहीत नाही. आणि त्या क्षणी माझी सगळी भीती माझ्यावरून उठली आणि तुझ्यावर जाऊन बसली. तू दिवसभर दुसऱ्यांचे केसपेपर काढतेस. स्वतःचा कधी काढलास का? इतके दिवस तू मला उत्तर दिलं नाहीस, चालेल. याचं दे. आणि खोटं लिहू नको, मला आता कापडावरून कळतं.

पत्र वेळेत पोचणार नाही, म्हणून याचा फोटो मेसेजवरही पाठवतेय. गुरुवारच्या गाडीने ये. तुझा एक चांगला बसणारा ब्लाउज बरोबर आण. शुक्रवारी दवाखान्यात माझ्या शेजारी बस, पण त्याआधी घरात दार लावून मी तुझं माप घेणार आहे. डावीकडचं वेगळं आणि उजवीकडचं वेगळं.

तुझी ताई